आईच्या स्कॅनमधील नवे पांढरे डाग : आजार वाढला की हाड भरून येत आहे?

नमस्कार. आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. माझ्या आईचा (वय ६४) स्तनाचा कर्करोग हाडांत पसरल्याचे साडेतीन महिन्यांपूर्वी कळले. तेव्हाच्या सीटी स्कॅनमध्ये कमरेचा दुसरा मणका आणि उजव्या खुब्याचे हाड ‘लायटिक’, म्हणजे पोखरलेले, दिसले होते. गाठ हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनच्या आधाराने वाढणारी, असल्याने लेट्रोझोल आणि रायबोसिक्लिब ही औषधे चालू आहेत. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडही दिले जाते.

गेल्या आठवड्यातील अहवालात त्या दोन्ही जागा ‘स्क्लेरोटिक’, म्हणजे घट्ट व पांढऱ्या, झाल्या असून तीन बरगड्यांत पूर्वी नसलेले पांढरे डाग आहेत, आणि बोन स्कॅनमध्येही हे भाग अधिक गडद आले आहेत. ‘आजार वाढल्याची शक्यता’ हे शेवटचे वाक्य वाचून त्या रात्री घरात कोणाला जेवण गेले नाही. आईची कंबर मात्र इतकी सुधारली आहे की रविवारी ती काठीशिवाय मासुंदा तलावाला फेरी मारून आली.

मी वाचले ते असे : उपचाराने कर्कपेशी मेल्या की पोखरलेली जागा कडेकडून आत नव्या हाडाने भरू लागते, म्हणून ती सीटीवर पांढरी दिसते. बोन स्कॅन कर्कपेशी दाखवत नाही, हाड घडण्याची लगबग दाखवतो. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत बरे होणारे हाडही जास्त उजळते, याला ‘फ्लेअर’ म्हणतात. आधीपासून असलेले पण सीटीवर न दिसणारे डागही भरून येतानाच प्रथम दिसू शकतात. तरीही नवा पांढरा डाग खरोखरच नवा प्रसार असू शकतो, हे मला ठाऊक आहे आणि खोटा दिलासा मला नको आहे.

नातेवाईक औषध ताबडतोब बदलण्याचा आग्रह धरत आहेत. अशा वेळी तुमच्या डॉक्टरांनी दोन-तीन महिने थांबून पुन्हा सीटी केला, की पेट-सीटी (पेशी किती साखर वापरतात हे दाखवणारा स्कॅन) सांगितला? आईचा पहिला पेट-सीटी झालेला नाही, मग आता केलेल्याची तुलना कशाशी करणार? रक्ततपासणीतील सीए १५-३ (कर्करोगाचा निर्देशक) आणि अल्कलाइन फॉस्फटेज (हाड घडताना वाढणारे एन्झाइम) हेही सुरुवातीला तात्पुरते वाढू शकतात, तर त्यांवर किती विसंबावे? शिवाय पांढरे झालेले हाड पूर्वीइतके मजबूत असते का? आई पाण्याची बादली उचलायला जाते आणि मला धडकी भरते.

सोमवारी डॉक्टरांची भेट आहे. दोन्ही स्कॅन वेगवेगळ्या केंद्रांत झाल्याने सीडी शेजारी ठेवून पाहण्याची विनंती मी करणारच आहे. आणखी काय विचारावे, हे या अनुभवातून गेलेल्यांनी कृपया सांगावे.