विषय: तालमीचा ग्रुप – 41 वा नंबर कोणाचा?

खारीची आई, वास्को | गुरुवार, सकाळी 7.10

सर्वांना नमस्कार.

मंडळाच्या बालदिनाच्या नाटकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर धरून 40 जण हवेत. 41 आहेत. काल रात्री दोनदा मोजले. एका नंबराला नावच नाही, नावाच्या जागी नुसतं टिंब आहे. कुणाचा आहे? मामा, काका, रिक्षावाले, कुणीही असले तरी दुपारपर्यंत कळवा. नसेल कुणाचा तर शनिवारच्या तालमीआधी हा ग्रुप बंद झाला पाहिजे. कारण आहे म्हणूनच विचारते आहे.

सचिव, पर्वरी | 8.02

वहिनी, नोंद घ्यावी की हा ग्रुप कार्यकारिणीने काढलेला नाही. चवथीच्या वेळीही मी सांगितलं होतं की मंडळाच्या नावाचे ग्रुप आधी विचारून काढा. आता मंडळाच्या नावाने पाच ग्रुप आहेत आणि दोनच आम्हाला माहीत आहेत. सरांनी खुलासा करावा.

सर, फोंडा | 9.40

ग्रुप मी काढला, तेव्हा जबाबदारी माझी. तो नंबर मी जोडलेला नाही. दसऱ्याच्या सुमाराला ग्रुपची लिंक मी मंडळाच्या फेसबुक पानावर टाकली होती, ती अजून तिथेच आहे. गेल्या वर्षी तालमीची वेळ बदलली तेव्हा साखळीची दोन मुलं कदंबाच्या बसने येऊन बंद दारासमोर दीड तास बसून होती. ते पुन्हा होऊ नये एवढाच हेतू होता. शाळेतून सुटलो की ग्रुप बंद करतो.

राजाचे बाबा, साखळी | 9.55

सर, थांबा, घाईने काही पुसू नका!

आधी त्या नंबरचा स्क्रीनशॉट घ्या. ज्यांना त्याच्याकडून काही आलं असेल त्यांनीही घ्या, नंबर आणि वेळ दिसेल असा. मग त्याला काढा. मग लिंक रीसेट करा, म्हणजे जुनी लिंक मरते. नुसती लिंक रीसेट केली तर आत आलेला माणूस आतच राहतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि नवीन सदस्याला ॲडमिनची मंजुरी लागेल असं सेटिंग आहे, ते चालू करा. लिंक हवीच असेल तर यापुढे त्याशिवाय नको.

दरवाजासमोर बसलेल्यांतला एक माझा मुलगा होता, त्यामुळे सरांनी लिंक का टाकली ते मला पुरतं कळतं.

खजिनदार, पणजी | 10.30

एका टिंबावरून एवढा गोंधळ कशाला? एखादा आजोबाही असेल. बाकी ऑस्ट्रेलियात 16 वर्षांखालच्यांना सोशल मीडिया बंद झालाच आहे आणि आपल्या आयटी मंत्र्यांनीही गोव्यासाठी तसा अभ्यास चालल्याचं सांगितलं आहे. कायदा आला की हे प्रश्न उरणार नाहीत.

खारीची आई, वास्को | 11.15

आजोबा नाहीत ते.

सगळ्यांसमोर लिहायचं नव्हतं, पण लिहिते, म्हणजे बाकीच्या आया आज घरी विचारतील.

गेला आठवडाभर मुलगी तालमीला जायचं नाही म्हणत होती. पोटात दुखतं म्हणायची. दिवाळीचा नरकासुराचा पुतळा बनवायला वाड्यावरची सगळी पोरं जमतात, तिथेही गेली नाही. मंगळवारी रात्री पावणेबाराला पाणी प्यायला उठले, तर चादरीखाली उजेड. चादर ओढली तर तिने फोन पोटाशी धरलेला, आणि तिचं पहिलं वाक्य: "आई, आता फोन काढून घेणार ना?"

त्या नंबरवरून चार दिवस मेसेज येत होते. पहिला साधाच, "चिमणी किती गोड नाचली होती." गेल्या वर्षी ती चिमणी होती. यंदा खार आहे, ते अजून मंडळाबाहेर कुणाला माहीत नाही. मग "तुझी शाळा मला माहीत आहे". शाळेचं नावही बरोबर लिहिलं होतं. मग फोटो मागितला आणि "आईला सांगू नकोस, ती फोन काढून घेईल". प्रोफाइलला कुणा लहान मुलीचा फोटो होता. मोठा करून पाहिला तर आपल्याच गेल्या वर्षीच्या व्हिडिओतला, मागे आपला निळा पडदा. व्हिडिओखाली मुलांची नावं आणि शाळा लिहिलेल्या होत्या. कौतुकाने लिहिल्या होत्या, मीच त्यावर बदाम टाकला होता.

तिने फोटो पाठवला नाही. मी आणखी काही विचारलं नाही, तिच्याजवळ झोपले. मिस्टर जहाजावर आहेत, त्यांचा फोन रविवारीच लागतो.

वकीलकाका, मडगाव | 12.05

वहिनी, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. कामाचं आधी सांगतो.

मेसेज पुसू नका, त्या माणसाला उत्तर देऊ नका, दमही देऊ नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका. महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी तिथे वेगळा विभाग आहे. फोनवर बोलायचं तर 1930. मुलांसाठी 1098 चोवीस तास चालू असतो. लेखी तक्रारीसाठी मी आज वास्कोला येतो, पोलीस ठाण्यात एकट्या जाऊ नका. मुलीला आज नेण्याची गरज नाही. फोटो मागितला, इथवरसुद्धा ही गोष्ट पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या 2012 च्या कायद्याखाली बघावी लागते. "पाठवला तर नाही ना" म्हणून ती सोडून देता येत नाही.

मुलांच्या फोटोंबाबत मी हळवा आहे आणि त्याला कारण आहे. 1991 मध्ये मडगावात फ्रेडी पीट्सला पकडलं. अनाथाश्रम चालवणारा, गावात मान असलेला माणूस. घरातून मुलांच्या फोटोंचे ढीग निघाले. 1996 मध्ये जन्मठेप झाली. आम्ही त्याच रस्त्याने रोज कोर्टात जायचो आणि आम्हाला पत्ता नव्हता. पुढे 2003 मध्ये गोव्याने मुलांसाठी स्वतःचा कायदा केला. फोटो धुणाऱ्याला मुलाचं अश्लील चित्र दिसलं तर पोलिसांना कळवणं त्याचं कर्तव्य आहे, असं त्यात लिहिलेलं आहे. तेव्हा फोटो धुवायला दुकानात जावं लागायचं. आज मधे कोणीच नाही.

खजिनदार, पणजी | 12.40

वहिनी, माझे सकाळचे शब्द मागे घेतो. माफ करा.

मात्र व्हिडिओबद्दल बोलायला हवं. पानावरचे फोटो बघूनच जाहिरातदार स्मरणिकेला पैसे देतात, सभागृहाचं भाडं त्यातूनच निघतं. आणि नाव लिहिण्यात चूक काय? आम्ही मंगेशीला वाढलो, उत्सवातल्या नाटकात पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा फळ्यावर नाव लिहिलं होतं. आई आठवडाभर तो फळा बघायला जायची.

म्हापशाच्या आजी | 1.20

खजिनदारांना उत्तर देते. तुझ्या आईला मी ओळखत होते, बाबा. तो फळा देवळात होता. बघणारा प्रत्येक जण कोणाचा कोण ते ठाऊक होतं आणि दिवाळीपर्यंत तो पुसलाही गेला. मी 31 वर्षं शाळेत शिकवलं. मुलाचं कौतुक चार लोकांत व्हावं ही इच्छा मलाही आहे. पण आता त्या चार लोकांच्या मागे कोण उभं आहे ते दिसत नाही.

आणि माझीही चूक सांगते. नातवाचा शाळेच्या गणवेशातला फोटो मी पहिल्या दिवशी सात ग्रुपवर पाठवला, शाळेचा बिल्ला स्वच्छ दिसत होता. सुनेने त्या दिवशी हळूच सांगितलं होतं, मला राग आला होता. आज तिला फोन केला.

सचिव, पर्वरी | 1.45

पानाचा ताबा कार्यकारिणीकडे आहे, म्हणून कळवतो: गेल्या तीन वर्षांतले मुलांचे सगळे व्हिडिओ आता पानावरून काढले आहेत. यापुढे पालकांनी लेखी होकार दिल्याशिवाय काही चढणार नाही. नाव आणि शाळा तर होकार असला तरी नाही.

राजाचे बाबा, साखळी | 2.10

सचिव, चांगलं केलंत. पण कोणी उतरवून घेतलेले असतील ते आपल्या हातात नाहीत, हे लक्षात राहू दे.

ऑस्ट्रेलियाचं निघालं म्हणून सांगतो. तिथली बंदी 10 डिसेंबर 2025 पासून आहे, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, यूट्यूब वगैरेंना. व्हॉट्सॲप तिच्यात नाही. आपली गोष्ट तर व्हॉट्सॲपवर घडली.

नियम असतातही. व्हॉट्सॲपला 13 वर्षं पूर्ण लागतात, इन्स्टाग्रामलाही. इन्स्टाग्रामने भारतात फेब्रुवारी 2025 पासून किशोरांची वेगळी खाती सुरू केली. खातं आपोआप खाजगी, ओळख नसलेल्याचा मेसेज येत नाही, रात्री 10 ते सकाळी 7 सूचना बंद, आणि 16 वर्षांखालच्याला हे सैल करायचं तर पालकाची परवानगी. माझ्या मुलाला यातलं काहीच लागू नव्हतं. का, तर त्याने जन्मसाल 2001 टाकलं होतं. आहे सातवीत. शेजारी बसून ते दुरुस्त केलं तेव्हा तो म्हणाला, "वर्गात सगळ्यांचं 2001 च आहे."

डॉक्टरताई, डिचोली | 3.30

ओपीडी संपली, आता लिहिते.

खारीच्या आईने एक गोष्ट अगदी बरोबर केली: ओरडली नाही. त्या माणसाच्या हातात एकच हत्यार होतं, "आई फोन काढून घेईल". पोटात दुखतं म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांत आता मी झोप विचारते, आणि मग फोन रात्री कुठे असतो ते विचारते. बहुतेक वेळा आई उत्तर देते आणि मूल खाली बघतं.

तेव्हा आज घरी जो बोलेल त्याने आधी हे सांगावं: "तू सांगितलंस म्हणून तुझा फोन जाणार नाही." आणि पाळावं. रात्री फोन झोपायच्या खोलीत नको, हा नियम वेगळा, तो शिक्षा म्हणून लावू नका आणि आईबाबांचेही फोन त्याच टोपलीत जाऊ देत. आमच्याकडे फ्रिजवर टोपली आहे. पहिले चार दिवस यजमानच उठून फोन घेऊन यायचे.

मुलगी पुढेही गप्प राहिली, खाणं-झोप सुधारली नाही, तर मला दाखवा. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 आहे. आणि एखाद्या घरात मुलाने तसा फोटो पाठवून झाला असेल तर लाज बाळगू नका. टेक इट डाऊन नावाची मोफत सेवा आहे, तिथे फोटो द्यावा लागत नाही. आपल्या फोनवरच त्याचा डिजिटल ठसा, म्हणजे ओळखीचा एक कोड, तयार होतो आणि तेवढाच पुढे जातो. तो ठसा जुळला की त्या सेवेत सामील असलेल्या कंपन्या तो फोटो काढतात.

सर, फोंडा | 5.15

नंबर काढला, स्क्रीनशॉट वकीलसाहेबांना दिला. यादी पाहिली. 9 मुलं स्वतःच्या नंबरवरून होती, त्यांतली 7 जण 13 वर्षांखालची. मी शिक्षक असून ते पाहिलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

नवा ग्रुप फक्त पालकांचा.

बेडकाची आई, मडगाव | 5.40

सर, माझी हॉटेलात दुपारची पाळी असते, फोन लॉकरमध्ये. ग्रुप पालकांचा केला तर वेळ बदलल्याचं मला रात्री 11 ला कळणार. माझ्या पोरालाच कळायला हवं ना? नाहीतर तोही बंद दारासमोर बसायचा.

राजाचे बाबा, साखळी | 6.05

ताई, ग्रुपऐवजी व्हॉट्सॲप कम्युनिटीतला घोषणांचा भाग वापरू. तिथे फक्त सर लिहितील आणि सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, सगळा घोळ तिथूनच झाला. तुमच्या घरी आजी असतात ना? त्यांचा नंबर द्या.

बेडकाची आई, मडगाव | 6.12

सासूबाईंचा फोन बटणांचा आहे.

सर, फोंडा | 6.20

त्यांना मी स्वतः फोन करीन. बटणांचे फोन असलेली किती घरं आहेत ते कळवा, तेवढे फोन मी करतो.

खजिनदार, पणजी | 7.00

त्यातले निम्मे माझ्याकडे द्या. स्मरणिकेसाठी मुलांऐवजी नेपथ्याचे आणि मुखवट्यांचे फोटो काढू, जाहिरातदारांशी मी बोलतो. आजी, फळा करू का? सभागृहाच्या आत लावू, प्रयोग संपला की पुसू.

म्हापशाच्या आजी | 7.25

कर. अक्षर मी काढून देईन. रंगीत खडू आण, नुसता पांढरा नको.

खारीची आई, वास्को | 9.50

तक्रार दिली, पावती मिळाली. वकीलकाका अडीच तास बाकावर बसून होते, त्यांचं जेवणही राहिलं.

संध्याकाळी मुलीने विचारलं, तालीम शनिवारीच आहे ना. शेपटाचं माप नंतर घेऊ म्हणून राहिलं होतं, ते आता घेतलं. सर, शेपूट पाठीला बांधायचं की कमरेला? कमरेला असेल तर पट्टा लागेल, उद्या बाजारातून आणते.

सर, फोंडा | 10.05

कमरेला. पट्टा रुंद घ्या, तिसऱ्या प्रवेशात तिला उड्या आहेत. शनिवारी साडेतीनपासून मी दारात आहे.