मदत हवी आहे: १३बी रोटरी, इनटेक मॅनिफोल्ड, रनरची लांबी

गॅरेजवैमानिक
आरव्ही-७ मध्ये (किटमधून घरी बांधायचं छोटं विमान) माझदा गाडीचं १३बी बसवलंय, म्हणजे पिस्टनऐवजी दोन फिरते रोटर असलेलं इंजिन. गाडीचा मूळ इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा जोड) काउलिंगमध्ये (इंजिनावरच्या आवरणात) मावत नाही, म्हणून ॲल्युमिनियमच्या नळ्या वेल्ड करून स्वतःच केला. फुल थ्रॉटलला आरपीएम ४९०० च्या वर जात नाही, ६००० हवेत. मॅनिफोल्ड प्रेशर (आतल्या हवेचा दाब) पाऱ्याचे २४ इंच, म्हणजे हवा कोंडतेय. पुढच्या रोटरचा ईजीटीही (एक्झॉस्टचं तापमान) मागच्यापेक्षा बराच जास्त. नवा मॅनिफोल्ड करायला घेतलाय, उद्या नळ्या कापायच्यात. रनर (मॅनिफोल्डची एकेक नळी) किती लांब ठेवू? फक्त आकडा सांगा प्लीज.

रिकामटेकडा
कुठलं १३बी? आरएक्स-७ चं की आरएक्स-८ चं रेनेसिस? टर्बो? गिअरबॉक्सचा रेशो? डॉक्टरकडे गेल्यावर कुठे दुखतंय ते तरी सांगतो ना आपण.

गॅरेजवैमानिक
आरएक्स-७, टर्बो काढून टाकलाय, गिअरबॉक्स २.१७. याचा लांबीशी काय संबंध?

जुना_फिटर
लायकमिंग ओ-३६० (विमानाचं नेहमीचं पिस्टन इंजिन) घ्या आणि मोकळे व्हा. १८० अश्वशक्ती, ना गिअरबॉक्स ना रेडिएटर.

कोथरूड_ते_ह्यूस्टन
काका, विचारलंय काय, सांगताय काय!
गॅवै, हा घ्या हिशोब. टर्बोवाल्या १३बीचा पोर्ट (हवा आत घेणारं तोंड) टीडीसीनंतर (आतली जागा सगळ्यात लहान असते तिथून) शाफ्टच्या ३२ अंशांवर उघडतो आणि बीडीसीनंतर (जागा सगळ्यात मोठी) ५० वर मिटतो. रोटरीत इनटेक २७० अंशांचा, म्हणजे मिटतो ३२० वर. दुसरा रोटर १८० अंश पुढेमागे, त्याचा पोर्ट १४० वर मिटतो. पहिला पोर्ट उघडताना उरलासुरला एक्झॉस्ट मागे फुटतो आणि दाबाची लाट उठते. ती दुसरा पोर्ट मिटायच्या आत तिथे पोचली की फुकटात हवा भरली जाते. ३२ ते १४०, म्हणजे हातात १०८ अंश, ६००० आरपीएमला बरोब्बर ३ मिलिसेकंद. आवाजाचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला तर साधारण १ मीटर. लाट जरा आधी पोचावी म्हणून पोर्ट ते पोर्ट, प्लेनम (नळ्या जिथे मिळतात ती हवेची पेटी) धरून, ८५-९० सेंमी ठेवा. माझदाने १९८४ च्या १३बीत हीच युक्ती वापरली होती.

नवशिका_७७
थ्री-डी प्रिंट का नाही करत? वेल्डिंगची कटकटच नको.

रिकामटेकडा
मार्च २०२५ मध्ये इंग्लंडात ग्लॉस्टरशायरला एक कोझी (घरी बांधलेलं छोटं विमान) पडलं, ते याच पायी. हवेच्या वाटेतला प्रिंट केलेला प्लॅस्टिकचा एल्बो गरम होऊन चेपला आणि इंजिनची ताकद गेली. इंजिनाशेजारी प्लॅस्टिक नको रे बाबा.
गॅवै, ट्यूनिंगचं नंतर बघू. विमानतळ किती उंचीवर आहे?

गॅरेजवैमानिक
कोलोराडो. ५००० फूट. का?

रिकामटेकडा
का म्हणजे? ५००० फुटांवर बाहेरच २४.९ इंच असतात! त्यातले २४ तुमच्या इंजिनापर्यंत पोचताहेत. कोंडतंय कुठे? नळ्या कापू नका.

उडाणटप्पू
मग आरपीएम उंचीमुळेच कमी. विषय संपला.

कोथरूड_ते_ह्यूस्टन
नाही संपला. विरळ हवेत प्रॉपवरचा (प्रोपेलरवरचा) भारही तितकाच उतरतो, उभ्या विमानात जवळपास फिटंफाट होते. प्रॉप कुठला लावलाय?

गॅरेजवैमानिक
मित्राच्या लायकमिंगवरचा. फिक्स्ड, क्रूझ पिच (पात्यांचा कोन कायमचा, वेगात उडण्यासाठी ठेवलेला). उत्तम स्थितीत आहे.

रिकामटेकडा
४९०० भागिले २.१७ म्हणजे २२५८. क्रूझ पिचचा प्रॉप लायकमिंगवरही जमिनीवर साधारण एवढाच फिरतो. ६००० म्हणजे प्रॉपला २७६५, ते हवेत वेग घेतल्यावर. मॅनिफोल्डला कशाला बदनाम करता?

मिसळ_तर्री
कांदिवलीच्या अमोल यादवांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१७ मध्ये डीजीसीएकडे नोंदणीही झाली. त्यांनी कुठलं इंजिन वापरलं होतं?

जुना_फिटर
रोटरी नक्कीच नाही.

कोथरूड_ते_ह्यूस्टन
त्यासाठी वेगळा धागा काढा ना. गॅवै, ईजीटीचं राहिलं. दोन्ही रोटरचे इंजेक्टर अदलाबदल करून पाहिले? आणि ईजीटी मोजणारे प्रोब एक्झॉस्ट पोर्टपासून किती अंतरावर आहेत?

गॅरेजवैमानिक
इंजेक्टर बदलून पाहिले, पुढचाच गरम. प्रोब पुढे ५ सेंमीवर, मागे १२. मागे ब्रॅकेट आडवा येतो.

कोथरूड_ते_ह्यूस्टन
जवळचा प्रोब जास्तच दाखवणार! आधी दोन्ही सारख्या अंतरावर आणा. तोवर मिक्श्चरला हात लावू नका. आकडा बघून पुढचा रोटर रिच केला (इंधन वाढवलं) असेल तर तेही मागे घ्या.

गॅरेजवैमानिक
केलंय थोडं रिच. रविवारी प्रोब हलवतो, ग्राउंड रन घेऊन आकडे टाकतो.