‘वामावर्ती’ की ‘डाव्या आट्याचा’? शंखाच्या जीवाश्माच्या फलकावरील शब्द

प्रश्न : सोलापुरातील आमच्या शाळेच्या प्रदर्शनात कच्छहून आणलेला बोटभर लांबीचा एक जीवाश्म मांडायचा आहे. दगडात लांब, निमुळत्या शंखाची आकृती असून टोक वर धरल्यास तिचे तोंड डावीकडे दिसते, म्हणून फलकावर ‘वामावर्ती सागरी शंख’ असे लिहिले. मात्र मधल्या मारुतीजवळच्या पूजासाहित्याच्या दुकानदारांनी सांगितले की वामावर्ती म्हणजे साधा शंख आणि दक्षिणावर्ती म्हणजे दुर्मीळ. प्राणिशास्त्राचे पुस्तक नेमके उलटे सांगते. कोणता शब्द ठेवावा?

उत्तर : बाई, दुकानदारही बरोबर आहेत आणि पुस्तकही, फरक शंख धरण्यात आहे. ‘प्रदक्षिणे’तल्याप्रमाणे येथेही ‘दक्षिण’ म्हणजे उजवा, एवढ्यावर दोघांचे एकमत आहे. प्राणिशास्त्रात शिखर, म्हणजे वेढे जिथून सुरू होतात ते टोक, वर आणि मुख आपल्याकडे करून पाहतात व मुख उजव्या हाताला आले की शंख उजवा मानतात. पूजेच्या परंपरेत मात्र पन्हळीसारखे निमुळते टोक वर धरतात, त्यामुळे तेच मुख डावीकडे जाते. म्हणूनच टर्बिनेला पायरम या आपल्या नेहमीच्या शंखाला दुकानात वामावर्ती म्हणतात आणि पुस्तकात तो उजवा ठरतो. सोलापूरचा प्रेक्षक ‘वामावर्ती’ हा शब्द देवघरातल्या अर्थानेच वाचणार, म्हणून तो फलकावर नसावा असे माझे मत आहे.

त्याऐवजी ‘उजव्या आट्याचा’ किंवा ‘डाव्या आट्याचा’ असे लिहावे. बोल्ट उलटा धरला तरी त्याचा आटा बदलत नाही, तसाच शंखाचाही बदलत नाही. सायकलच्या डाव्या पायडलाचा आटा उलटा असतो हे दुरुस्तीवाल्याकडे थांबलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते, त्यामुळे वेगळे स्पष्टीकरण लागणार नाही. तथापि, सागरी शंखांपैकी बहुतेक सर्व उजव्या आट्याचे असल्याने आपला डावा निघाला याचीच मला शंका येते. आकृती दगडातून वर आलेली आहे की आत खोलगट आहे?

प्रश्नकर्ती : खोलगट आहे. प्रत्येक वेढ्यावर बारीक, समांतर रेघाही स्पष्ट आहेत.

उत्तर : मग तो शंख नाही, शंखाचा ठसा आहे, आणि शिक्क्यावरील अक्षरांप्रमाणे ठशात डावे-उजवे बदलते. आपल्याकडे ‘ठसा’ आणि ‘साचा’ हे शब्द सरमिसळ वापरले जातात, पण जीवाश्मांच्या बाबतीत ते वेगळे ठेवणे फार उपयोगाचे आहे. शंखाच्या बाहेरील पृष्ठभागाची दगडावर उमटलेली खूण तो ठसा. शंखाच्या पोकळीत गाळ भरून घट्ट झाला आणि नंतर शंख विरघळून गेला, तर उरतो तो अंतःसाचा. ओतकामात साचा पोकळ असतो आणि येथे तो भरीव, हे कानाला खटकते खरे. परंतु त्यावर शंखाच्या आतल्या बाजूचीच नोंद असते. अंतःसाच्यावर बाहेरचे कंगोरे क्वचितच उमटतात, त्यामुळे त्यावरून अनेकदा वंशही (जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस) निश्चित करता येत नाही. आपल्याकडे ठसा आहे, हे एका अर्थी बरेच झाले. त्यात ओलसर शाडू हलकेच दाबून अलगद काढावा आणि मग पाहावे.

प्रश्नकर्ती : शाडूवर तोंड उजवीकडे आले! ते जवळजवळ गोल आहे, खाली पन्हळ नाही. वेढे अकरा मोजता आले व त्यांमधील शिवण खोल आहे.

उत्तर : अनेक वेढ्यांचे उंच शिखर, वेढ्यांबरोबर फिरणारे कंगोरे आणि पन्हळ नसलेले गोलसर मुख ही टरिटेला या सागरी शंखांच्या वंशाची लक्षणे आहेत. हे नाव फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यांनी 1799 मध्ये दिले व ते ‘मनोरा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. कच्छच्या मायोसीन काळातील (सुमारे 2.3 कोटी ते 53 लाख वर्षांपूर्वीच्या) खडकांत टरिटेला आढळतात. त्यापुढे जातीपर्यंत जाऊ नये. त्यासाठी शिखराकडील पहिले वेढे आणि वाढरेषांचा बाक दिसावा लागतो. ‘प्रजाती’ हा शब्दही टाळावा, कारण काही ग्रंथांत तो वंशासाठी येतो आणि वृत्तपत्रांत जातीसाठी. कच्छचा उल्लेख मात्र गाळू नये. सोलापूरचा काळा दगड लाव्ह्याचा आहे, त्यात समुद्री शंख सापडला असा समज व्हायला नको.

प्रश्नकर्ती : नवा फलक असा केला आहे : ‘सागरी शंखाचा ठसा व त्यावरून घेतलेली शाडूची प्रतिकृती. वर्ग : उदरपाद. वंश : टरिटेला. उजव्या आट्याचा. स्थळ : कच्छ.’