एडिनबरा: आईला घेऊन कॉन्फरन्सला जातेय, राहायचं कुठे? (मदत हवी आहे)

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी. घरचा गणपती पोचवून २७ सप्टेंबरला रात्री मुंबईहून निघतेय. २८ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर २०२६ एडिनबरात मुक्काम. त्यात मंगळ-बुध-गुरू कॉन्फरन्स, मॉरिसन स्ट्रीटवरच्या ईआयसीसी या परिषद-केंद्रात. तिथे माझ्या संशोधनाचं पोस्टर आहे. शुक्रवार मोकळा. नोंदणी आणि माझं विमानभाडं कॉलेज देतंय, बाकी सगळं पदरचं.

सोबत आई येतेय. वय ६८, गुडघे कुरकुरतात, इंग्रजी 'थँक्यू, नो शुगर' एवढंच. पण सांगलीहून एकटी एसटीने पंढरपूरला जाणारी बाई आहे, त्यामुळे तीन दिवस खोलीत बसून राहणार नाही. ती दिवसभर काय करेल?

दुसरं म्हणजे, जुन्या गावात रॉयल माईलला लागून एक अपार्टमेंट मिळतंय. नकाशावर वेव्हर्ली स्टेशनपासून जेमतेम २०० मीटर. घेऊन टाकू का? कॉन्फरन्सच्या पाहुण्यांसाठी पाठवलेल्या माहितीपत्रकात 'सगळं चालत जाण्याच्या अंतरावर' असं लिहिलंय.

लीथकर:
थांबा! घेऊ नका. आठ वर्षं इथे राहतोय, येणारा प्रत्येक पाहुणा इथेच फसतो. एडिनबराचा नकाशा सपाट असतो, गाव नाही.

आपल्या गडांच्या भाषेत सांगतो. किल्ला म्हणजे बालेकिल्ला, थंड झालेल्या ज्वालामुखीच्या कठीण खडकावर. हिमनदी त्या खडकाला अडली आणि त्याच्या आडोशाला पूर्वेकडे उतरती सोंड शिल्लक राहिली. रॉयल माईल म्हणजे त्या सोंडेची धार, खाली होलीरूड राजवाड्यापर्यंत. दोन्ही अंगांना अरुंद बोळ उतरतात, त्यांना इथे 'क्लोज' म्हणतात. बऱ्याच बोळांत पायऱ्याच पायऱ्या. उत्तरेच्या दरीत पूर्वी तळं होतं, ते उपसून टाकलं. आज तिथे बागा आहेत आणि वेव्हर्ली स्टेशन. म्हणजे तुमचे ते २०० मीटर आडवे नाहीत, उभे आहेत.

दक्षिणेला तर आणखी गंमत. जॉर्ज फोर्थ ब्रिजवर दुकानं बघत चालताना आपण पुलावर आहोत हे कळतसुद्धा नाही. कठड्यावरून वाकलात की कितीतरी खाली काउगेट नावाचा दुसरा रस्ता दिसतो. फोनमधला ठिपका म्हणतो 'पोहोचलात', आणि हॉटेल असतं पायाखाली.

तुम्ही हेमार्केटला राहा. ईआयसीसी तिथून पाच-सात मिनिटं, विमानतळाची ट्राम आणि १०० नंबरची एअरलिंक बस दोन्ही तिथे थांबतात. गुडघ्यांना तोच भाग मानवेल.

पाटी-पेन्सिल:
लीथकरांना दुजोरा. मी अशीच 'स्टेशनसमोर' खोली घेतली होती. २३ किलोची बॅग, पाऊस, ओले दगड आणि न संपणाऱ्या पायऱ्या. मालकाने जाहिरातीत पायऱ्यांचा 'प' काढला नव्हता. पोस्टरची नळी वाटेत कुठे ठेवली ते आजतागायत आठवत नाही. पोस्टर कापडावर छापून घ्या, घडी करून बॅगेत जातं.

बुकिंगचं आणखी एक. २४ जुलै २०२६ पासून एडिनबरात राहण्याच्या भाड्यावर ५ टक्के पर्यटक-कर आहे, सलग पहिल्या पाच रात्रींपुरता. तुमच्या नेमक्या पाचच रात्री आहेत, म्हणजे पूर्ण बसणार. दाखवलेल्या दरात तो धरलाय का, ते विचारून घ्या.

कृष्णाकाठची:
बाप रे, वाचले. हेमार्केट नक्की. आईचं सांगा ना कोणीतरी.

मीठ-मिरी:
ताई, काकूंची काळजी करू नका. माझ्या सासूबाईंनी एक अख्खा आठवडा बसच्या वरच्या मजल्यावर काढलाय. थांब्यावर हात दाखवला की बस थांबते, कार्ड टेकवायचं. रोख देणार असाल तर नेमके सुटे ठेवा, ड्रायव्हर परत देत नाही. ट्रामचं मात्र उलटं, तिकिटाचं चढण्याआधी फलाटावरच बघायचं.

पहिल्या दिवशी चेंबर्स स्ट्रीटवरचं राष्ट्रीय संग्रहालय. फुकट, लिफ्ट आहे, बसायला जागा आहे, आणि पेंढा भरलेली डॉली मेंढी आहे. हो, तीच क्लोन केलेली. दुसऱ्या दिवशी २६ नंबरच्या बसने पोर्टोबेलो: समुद्र, सपाट फरसबंदी आणि बाक. पाण्यात पाय घालायला सांगू नका, बर्फ आहे नुसता. बोटॅनिक गार्डनलाही तिकीट नाही. आर्थर्स सीट २५१ मीटरची टेकडी, ती तुम्ही शुक्रवारी एकट्याच चढा.

थर्मल आणि टोपीवाला रेनकोट घ्या, छत्री नको. वारा उलटी करून हातात देतो.

खाण्याचं: हॅगिस हा तिथला मांसाचा पदार्थ, पण शाकाहारी हॅगिसही बऱ्याच ठिकाणी मिळतं. डाळी, ओट्स, भाज्या आणि सढळ मिरी. सासूबाई म्हणाल्या, 'कोरडा मसालेभात बिघडलाय, पण खाण्यासारखा.' भारतातून पेढे, खवा, पनीर असलं दुधाचं काही नेता येत नाही, त्यामुळे गणपतीचा प्रसाद घरीच संपवा. मेतकूट, चिवडा खुशाल न्या.

गेडीस_पंखा:
थोडं अवांतर. किल्ल्याच्या तोंडाशी 'कॅमेरा ऑब्स्क्युरा'ची इमारत आहे. ती पूर्वी स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांचा 'आउटलुक टॉवर' होती. हेच गेडीस १९१९मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. आत नाही गेलात तरी चालेल, पायऱ्या आहेत. पण मुंबईकर, पुणेकर कोणीच मान वर करून बघत नाही, याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

पाटी-पेन्सिल:
व्हिसा झालाय का? दोघींना स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसाच लागेल, पण अर्ज वेगवेगळे. कॉन्फरन्सचं पत्र तुमच्या नावाचं आहे, त्यात आई नाही. तिचा खर्च कोण करणार ते कागदावर स्पष्ट दाखवा. प्रवास विमा दोघींचा. युरोपचा शेंगेन व्हिसा ब्रिटनमध्ये चालत नाही.

कृष्णाकाठची:
माझा झालाय, आईच्या बोटांचे ठसे पुढच्या आठवड्यात. हेमार्केटला खोली मिळाली, तळमजल्यावरची. आईला सगळं वाचून दाखवलं. पेढ्यांवर तिचा विश्वास बसत नाहीये, 'घरचे आहेत म्हणून सांग' म्हणतेय. आणि तिने कुठेतरी ऐकलंय की किल्ल्यावर रोज तोफ उडते. ती ऐकायला नेमकं कुठे उभं राहायचं?

लीथकर:
उभं कशाला, बसा. प्रिन्सेस स्ट्रीटखालच्या बागेत फुलांचं घड्याळ आहे, त्याच्या आसपास बाक आहेत आणि किल्ला समोर. दुपारी बरोबर एक वाजता, रविवार सोडून. १८६१पासून चालू आहे. काकूंच्या हातात त्या क्षणी चहाचा कप देऊ नका.