मदत हवी आहे: कराडला मेकॅनिकल की पुण्यात कॉम्प्युटर?

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीला सीईटीत ९३ पर्सेंटाइल आहेत. कॅपचे (अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांचे) कॉलेज-शाखेचे पर्याय भरायचेत आणि घरात एकमत होत नाहीये. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, म्हणून क्रम चुकवायचा नाही.

तिला कराडच्या शासकीय अभियांत्रिकीत मेकॅनिकल हवंय. शेतातली मोटर बंद पडली की वायरमनच्या आधी हीच पाना घेऊन विहिरीवर हजर! मामा म्हणतात, पुण्यातल्या खाजगी कॉलेजात कॉम्प्युटरच घे, नोकरी तिथेच आहे.

आम्ही ओबीसी, उत्पन्न ८ लाखांच्या आत. २०२४-२५ पासून अशा मुलींना कॅपमधून प्रवेश घेतला तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे, त्यामुळे फीची चिंता कमी. पण पुण्यातली खोली, मेस चार वर्षं झेपेल का, हा प्रश्न आहेच.

कराडला शिकलेल्यांनी कृपया सांगा: मेकॅनिकलच्या मुलींना कॅम्पसमध्ये कोअर कंपन्या (म्हणजे मेकॅनिकलचंच काम असणाऱ्या) खरंच घेतात का, की शेवटी सगळे आयटीतच जातात? मुलींच्या वसतिगृहात पहिल्या वर्षी जागा मिळते का? चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्या ताई कुणी असतील तर शिफ्ट, सुरुवातीचा पगार याबद्दल मोकळेपणाने लिहा. तिची आवड मोडायची माझी इच्छा नाही.