बायोमेडिकल सायन्स झालं, आता लगेच एम.एस्सी. कशाला?

ऑटोक्लेव्ह:
निकाल लागले की नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "बी.एस्सी. बायोमेडिकल झालं, आता एम.एस्सी. कुठून करावं?" कुठून, हे सगळे विचारतात, कशासाठी, हे कुणी नाही. माझं मत थेट सांगतो. पदवीनंतर लगेच एम.एस्सी. ही आपल्याकडे सवय झाली आहे. आधी दोन वर्षं नोकरी करा, मग ठरवा.

मी पुण्याजवळ एका लस कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये (क्यूसी) आहे, मुलाखतींना बसतो. एम.एस्सी. झालेल्या मुलांच्या सीव्हीवर पीसीआर, एलायझा, वेस्टर्न ब्लॉट, लॅबमधल्या सगळ्या चाचण्या असतात. दोन प्रश्न विचारले की कळतं, वीस जणांच्या बॅचमध्ये मशीन लांबून बघितलंय. एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) टेस्ट का करतात, ते सांगता येत नाही. बॅच रेकॉर्डमध्ये (उत्पादनाच्या नोंदीत) आकडा चुकला तर काय कराल? "व्हाइटनर लावू" असं उत्तर मी ऐकलं आहे! (एक आडवी रेघ, बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. जुना आकडा वाचता आला पाहिजे.) हे सगळं बी.एस्सी.वाली पोरं कामावर लागल्यावर शिकतात, आणि पगार घेत शिकतात. दोन वर्षांत कळतं की आपल्याला लॅब आवडते, कागदपत्रांचं काम जमतं की या क्षेत्रातूनच बाहेर पडायचंय. मग एम.एस्सी. करायची असेल तर विषय तरी नेमका निवडाल.

पिपेटवाली:
साफ असहमत. तुम्ही क्यूसीसाठी माणसं निवडता, म्हणून तुम्हाला सगळी मुलं क्यूसीतली दिसतात.

मी नवी मुंबईत कॅन्सर बायोलॉजीत पीएच.डी. करते आहे. सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा सहसा एम.एस्सी.च्या जोरावरच देतात. त्यातून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली की २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ) झालात की ४२,०००. जेआरएफला वयाची अट आहे. मुलींना आणि आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे, पण म्हणून दोन वर्षं शिफ्टमध्ये घालवायची? रात्रपाळी करून आल्यावर मेटाबॉलिझमचे पाथवे कोण पाठ करतं, ते एकदा करून बघा.

आणि एम.एस्सी. म्हणजे फक्त गल्लीतलं कॉलेज नाही. जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईला बायोटेक करता येतं. गॅट-बी ही बायोटेकची प्रवेश परीक्षा देऊन पुणे विद्यापीठाच्या बायोटेक विभागात जाता येतं. आयसर पुणे या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेत बी.एस्सी.नंतर थेट इंटिग्रेटेड पीएच.डी. आहे. चार वर्षांची ऑनर्स पदवी ७५ टक्क्यांनी केलेल्यांना यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.चं दार थेट उघडलं आहे. यातलं काहीच नको, फक्त कारखान्यातल्या मीडिया फिल चाचण्या करत बसा?

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून आलेल्या नेक्सकार१९ या पहिल्या भारतीय कार-टी (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कॅन्सरवर सोडण्याच्या) उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. असली कामं 'आधी नोकरी करून बघू' म्हणणाऱ्यांच्या हातून होत नाहीत.

ऑटोक्लेव्ह:
ताई, त्या कार-टी पेशींची प्रत्येक बॅच रुग्णाला देण्याआधी निर्जंतुक आहे की नाही हे तपासायला कुणीतरी लागतंच ना? तोच मी. आणि आयसर, आयआयटीला जाणाऱ्या पोरांना माझ्या सल्ल्याची गरज नाही. मी बोलतोय ते उरलेल्यांबद्दल, म्हणजे बहुतेकांबद्दल.

मिरजकर:
दोघेही पुण्या-मुंबईबाहेर बघायला तयार नाहीत. आमच्या मिरजेत दवाखाने आणि लॅबच एवढ्या आहेत की बी.एस्सी.नंतर डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) केलेला पोरगा घरी जेवून कामाला जातो. कोर्स पॅरामेडिकल कौन्सिलला मान्य आहे का, एवढं आधी बघा. नसलेले खंडीभर आहेत.

पण स्वतःची पॅथॉलॉजी लॅब टाकायची स्वप्नं बघू नका. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय, रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. तुमची एम.एस्सी. असो की डीएमएलटी, मशीन तुम्ही चालवणार आणि सही डॉक्टर करणार. हे पहिल्या वर्षाच्या मुलांना कुणी सांगतच नाही.

रात्रपाळी:
फार्माकोव्हिजिलन्स कुणीच काढलं नाही? ठाणे, हिंजवडी भरलंय. औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार येते, आपण ती केस भरायची, मेडड्रा या वैद्यकीय शब्दसूचीमधून कोड लावायचा, दोन परिच्छेदांत हकीकत लिहायची. केस गंभीर असेल तर बहुधा पंधरा दिवसांत नियामकाकडे गेलीच पाहिजे. बी.एस्सी.वर घेतात, पण बी.फार्म.वाल्यांना आधी घेतात. एसी ऑफिस, पांढरा कोट नाही. कंटाळा मात्र भयंकर. आणि नुसतं केस भरण्याचं काम आता सॉफ्टवेअर करू लागलंय, त्यामुळे यायचं असेल तर सिग्नल डिटेक्शन (तक्रारींतून नवा धोका हेरणं) किंवा मेडिकल रिव्ह्यूकडे सरकायची तयारी ठेवून या.

काळजीत_बाबा:
माझीच मुलगी या वळणावर आहे. एजंट म्हणतो यूके, एक वर्षाची एम.एस्सी. बायोमेडिकल सायन्स, मग तिथेच नोकरी. कर्ज काढावं लागेल. काय करू?

टेम्सकाठ:
बाबा, थांबा. इथे यूकेत 'बायोमेडिकल सायंटिस्ट' हे पद कायद्याने राखीव आहे. एचसीपीसी या नियामक मंडळाकडे नोंदणी असल्याशिवाय ते नावामागे लावता येत नाही. त्यासाठी आयबीएमएस या व्यावसायिक संस्थेची मान्यता असलेली पदवी आणि मान्यताप्राप्त लॅबमध्ये भरलेला ट्रेनिंग पोर्टफोलिओ लागतो. नुसत्या एक वर्षाच्या एम.एस्सी.ने हे होत नाही, आणि ट्रेनिंगची जागा मिळवताना इथल्या पोरांचेही हाल होतात. एजंट हे सांगणार नाही, त्याला कमिशन प्रवेशावर मिळतं. शिकून झाल्यावर राहायला मिळणारा ग्रॅज्युएट रूट व्हिसा आजवर दोन वर्षांचा होता, जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना तो अठरा महिन्यांचा होतोय. फी वीस हजार पौंडांच्या वर धरा. एचसीपीसीत परदेशी अर्जदारांसाठी वेगळा मार्ग आहे, पण तिथे लॅबमधला खरा अनुभव मोजतात. म्हणजे यूकेच्या बाबतीत तरी ऑटोक्लेव्ह यांचं बरोबर आहे.

जर्मनी बघा. बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठात शिक्षण शुल्क नाही. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो. एपीएसचं (भारतीय कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं) प्रमाणपत्र लागतं, ते काढायला वेळ जातो.

पिपेटवाली:
आणि अमेरिकेचं सध्या विचारूच नका. २०२५ च्या मार्चमध्ये यूमास चॅन या मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठाने बायोमेडिकल पीएच.डी.चे दिलेले प्रवेश मागे घेतले, सरकारी संशोधन निधीचा भरवसा राहिला नाही म्हणून. काका, कर्ज काढू नका. मुलीला नेट, जॅमची तयारी करू द्या.

मिरजकर:
सरकारी नोकरीचंही एक लिहितो. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या जागा एमपीएससी भरते. अर्हतेच्या यादीत बायोटेक, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी आहे. बायोमेडिकल सायन्स असं छापलेलं नाही. मग समकक्षतेच्या कागदासाठी विद्यापीठात हेलपाटे. औषध निरीक्षक मुख्यतः फार्मसीवाल्यांचं, तिकडे बघायलाच नको. तेव्हा एम.एस्सी. करायचीच तर ती यादीत नाव असलेल्या विषयात करा. भारदस्त नावाचे नवे कोर्स घेऊ नका.

पिपेटवाली:
हे मात्र पटलं. ऑटोक्लेव्ह, एक सरळ प्रश्न. तुमच्या कंपनीत बी.एस्सी.वाला क्यूसीचा मॅनेजर होतो का?

ऑटोक्लेव्ह:
सहसा नाही. सीनियर एक्झिक्युटिव्हपर्यंत जातो, पुढे एम.एस्सी. मागतात. म्हणून तर म्हटलं, करा, पण नंतर.

पिपेटवाली:
नंतर म्हणजे केव्हा? कंपनी दोन वर्षं रजा देते?

ऑटोक्लेव्ह:
रजा कुठली. राजीनामा द्यावा लागतो. काही जण देतातही.

पिपेटवाली:
आणि बाकीचे?

ऑटोक्लेव्ह:
बाकीच्यांचा बाइकचा हप्ता सुरू झालेला असतो. ते थांबतात.

काळजीत_बाबा:
मुलीला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते, नोकरी करत जॅम देईन. जमेल का?

पिपेटवाली:
जमेल. फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरतात, परीक्षा फेब्रुवारीत. तोवर करू दे नोकरी, पण फॉर्म चुकवू नका.

ऑटोक्लेव्ह:
हेच तर मी म्हणत होतो.

पिपेटवाली:
नाही. तुम्ही दोन वर्षं म्हणत होतात.