डेमरेज, व्हार्फेज आणि आरआर फ्रेंचमध्ये कसं लिहावं?

प्रश्न

नमस्कार. मी पुण्यातून इंग्रजी-फ्रेंच अनुवाद करते. सध्या नागपूरला रेल्वेने आलेल्या मालाच्या नुकसानीची फाइल हातात आहे. पॅरिसच्या विमावाल्यांना सगळी कागदपत्रं फ्रेंचमध्ये हवीत. कस्टमचा भाग उरकला. बाँडेड वेअरहाऊसला, म्हणजे कर भरण्याआधी माल ठेवायच्या कस्टमच्या गोदामाला, ‘आंत्रपो दुआनिये’ लिहिलं, त्यात वाद नाही. गाडी अडली ती रेल्वेच्या कागदांवर. एकाच पानावर डेमरेज आणि व्हार्फेज अशा दोन वेगळ्या रकमा आहेत. कोश पहिल्याला ‘स्युरेस्तारी’ म्हणतो, दुसऱ्याला ‘द्रवा द के’. दोन्ही शब्द बंदरातले, आणि नागपूरला ना जहाज ना धक्का! शिवाय रेल्वे रिसीटला, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची रेल्वे देते त्या पावतीला, आरआरला, ‘लेत्र द व्वात्यूर’ (मालवाहतुकीचं पत्र) चालेल का? सोमवारी फाइल द्यायचीय.

प्रतिसाद १

ताई, नागपूरला धक्का आहे की, मालधक्का! मी भुसावळकडे गुड्स क्लार्क होतो, उभी नोकरी धक्क्यावरच गेली. फ्रेंच येत नाही, पण फरक सांगतो. फ्री टाइम, म्हणजे फुकट मिळणारी मुदत, उलटूनही वॅगन रिकामी केली नाही, तर डेमरेज. वॅगन रिकामी झाली पण माल आमच्या जागेत पडून राहिला, तर व्हार्फेज. थोडक्यात, एक डब्याचं, दुसरं मालाचं. १९८९च्या रेल्वे कायद्यात दोन्हींच्या व्याख्या अशाच आहेत.

प्रतिसाद २

काकांनी अर्धं काम केलंच आहे. पहिल्याला ‘फ्रे दिमोबिलिझास्याँ द्यु व्हागाँ’ (वॅगन अडकल्याचा खर्च) आणि दुसऱ्याला ‘फ्रे द मागाझिनाज’ (माल ठेवल्याचा खर्च) लिहा. ‘व्हागाँ’च ठेवा, कारण ‘व्वात्यूर’ म्हणजे प्रवाशांचा डबा.

आरआरला मात्र ‘लेत्र द व्वात्यूर’ लिहू नका, कळकळीने सांगतो. युरोपातल्या आंतरराष्ट्रीय रेल्वे वाहतुकीच्या सीआयएम नियमांत कलम ६ स्पष्ट म्हणतं की त्या कागदाला ‘कोनेस्माँ’चं, म्हणजे मालावरचा हक्क दाखवणाऱ्या जहाजाच्या बिल ऑफ लेडिंगचं, बळ नाही. आपल्याकडे उलट आहे. १९३०च्या मालविक्री कायद्यात रेल्वे रिसीट ही मालकीहक्काच्या कागदांत मोडते. पाठीवर सही करून ती दुसऱ्याच्या हाती देता येते, बँक तारण म्हणून ठेवून घेते. ‘लेत्र द व्वात्यूर’ वाचणारा फ्रेंच माणूस तिला नुसता वाहतुकीचा करार समजेल, आणि भरपाईचा हक्क कुणाचा हेच त्याला कळणार नाही. मी ‘रेसेपिसे’ (पावती) लिहून पुढे मूळ नाव ठेवतो आणि तळाला दोन ओळींची टीप देतो.

प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. हे वाचून आरआरची पाठ पुन्हा पाहिली. जांभळ्या शाईचा बँकेचा शिक्का, त्याखाली दोन सह्या. मी तिथे नुसतं ‘शिक्का’ लिहून पुढे गेले होते! आता सगळं तारखांसकट उतरवतेय. काका, पुढच्या बाजूला ‘सेड टू कंटेन’ आहे, ते कशासाठी?

प्रतिसाद १

आत अमुक माल आहे असं पाठवणाऱ्याने सांगितलं, आम्ही मोजला नाही, असा त्याचा अर्थ. नुकसानीच्या फाइलीत ते गाळू नका.